गेंड्यासाठी पान बदललं, मग माणसांसाठी का नाही? : बालचित्रकथांच्या प्रकाशकांना आणि वाचनालयांना खुले पत्र

प्रति,
फ्रेंच बालचित्रकथांचे बेल्जियममधील प्रकाशक,
आणि ही पुस्तकं मुलांच्या कपाटात ठेवणाऱ्या वाचनालयांचे चालक

विषय : मुलांच्या पुस्तकांतली आफ्रिकन माणसांची विद्रूप चित्रं

स. न. वि. वि.

हे पत्र फ्रेंचमध्ये तुम्हाला पाठवलेलं आहे. तेच इथे मराठीत मांडते, कारण ब्रसेल्समध्ये आणि युरोपात इतरत्र राहणारे मराठी आईबाप तुमची पुस्तकं हौसेनं मुलांच्या हातात देतात. मीही दिली होती. न वाचता दिली होती, ही माझी चूक आणि ती आधीच कबूल करते.

आम्ही चार वर्षांपूर्वी ब्रसेल्सला आलो. नवऱ्याची नोकरी, माझे भाषेचे वर्ग, मुलीची शाळा अशी सुरुवात झाली. मला फ्रेंच वर्गापेक्षा चित्रकथांनी जास्त शिकवलं. शब्द अडला तरी चित्र पुढे नेतं, फुग्यातलं वाक्य छोटं असतं आणि माणसं बोलतात तसं असतं. टिनटिन या बेल्जियन बातमीदार पोराच्या गोष्टींचे बरेचसे अंक मी मुलीच्या शेजारी बसून, बोट फिरवत वाचले. या शहरात भिंतींवर तीस वर्षांहून अधिक काळ चित्रकथांची पात्रं रंगवली जात आहेत, आणि ती शोधत फिरणं हा आमचा रविवारचा उद्योग असतो. तेव्हा हे पत्र तुमच्या पुस्तकांचा दुस्वास करणाऱ्या बाईचं आहे असं समजू नका.

बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात. त्या दिवशी मी मुलीला आणि तिच्या जिवलग मैत्रिणीला घेऊन घराजवळच्या वाचनालयात गेले होते. दोघी आठ वर्षांच्या, एकाच वर्गात. मैत्रिणीची आजी काँगोच्या राजधानीहून, किन्शासाहून इथे आली, आई इथेच वाढली. त्या मुलीचं फ्रेंच आमच्या लेकीपेक्षा कितीतरी चांगलं. कुठला शब्द पुल्लिंगी, कुठला स्त्रीलिंगी हे आमची लेक अजून चुकवते, आणि ही तिला दर वेळी न चिडता दुरुस्त करते. आमच्या घरी ती येते तेव्हा माझंही दुरुस्त करते.

'सात वर्षांपासून पुढे' असं लिहिलेल्या खणातून त्यांनी 'टिनटिन काँगोमध्ये' काढलं. बाकीचे बरेच वाचून झाले होते म्हणून. दोघींचा एक खेळ आहे : एकीनं टिनटिनचं बोलणं वाचायचं, दुसरीनं उरलेल्या सगळ्यांचं. त्या दिवशी टिनटिन आमच्या लेकीकडे होता. मैत्रिणीच्या वाट्याला काँगोची माणसं आली. तिनं मोडक्यातोडक्या फ्रेंचमधला एक फुगा वाचला आणि थांबली. "हे चुकलंय," म्हणाली. छापताना चूक झाली असेल असं तिला वाटलं. पुढच्या चौकटीत पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "असं कोण बोलतं? माझी आजीसुद्धा असं बोलत नाही." मग तिनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि त्या चौकटीतला चेहरा पाहिला. शाईसारखा काळा, गोल बटणासारखे डोळे, अर्धा चेहरा व्यापणारे ओठ. पान उलटलं, तिथेही तोच. "दोन्हीकडचं तूच वाच," एवढं म्हणून तिनं पुस्तक माझ्या लेकीकडे सरकवलं.

मी समोरच्या खुर्चीवर होते, फोनमध्ये काहीतरी बघत. माझ्या लक्षात आलं ते निघताना. पुस्तकांची नोंद करायला रांगेत उभ्या होतो तेव्हा त्या मुलीनं दोन्ही ओठ आत दुमडून घट्ट मिटून धरले होते. थंडी नव्हती. काय झालं विचारलं तर तिनं नुसती मान हलवली. घरी पोचेपर्यंत ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन ते पुस्तक बसून पूर्ण वाचलं. नंतर वाचनालयाला लेखी विनंती केली की हे पुस्तक लहान मुलांच्या खणातून काढून मोठ्यांच्या विभागात ठेवावं आणि आत एक चिठ्ठी तरी चिकटवावी. तीन आठवड्यांनी चार ओळींचं उत्तर आलं. हे अभिजात पुस्तक आहे, ते त्याच्या काळाचं आहे, न्यायालयानं त्यावर निर्णय दिलेला आहे, कलाकृतीत ढवळाढवळ करता येत नाही, सबब पुस्तक आहे तिथेच राहील. हीच चार कारणं प्रकाशकांच्या बाजूनंही वर्षानुवर्षं ऐकू येतात, म्हणून एका वाचनालयाचं नाव घेऊन भांडण्यापेक्षा सगळ्यांनाच लिहिते आहे.

'त्या काळाचं' या शब्दापासून सुरू करते. ही कथा १९३० आणि १९३१ साली एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत क्रमशः आली. काढणारे एर्जे तेव्हा तेवीस वर्षांचे होते आणि त्यांनी काँगो पाहिलेला नव्हता. दैनिकाचे संपादक एक पाद्री होते, आणि बेल्जियन मुलांच्या मनात वसाहतीबद्दल ओढ निर्माण करणं हा त्यांचा हेतू होता. म्हणजे ती निव्वळ गंमत म्हणून निघालेली गोष्ट नव्हती, मुलांना घडवण्यासाठी काढलेली होती. आणि त्या काळी कुणाला काही माहीतच नव्हतं म्हणाल तर तेही खरं नाही. राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी मालकीच्या काँगोत रबरासाठी माणसं मारली जात होती, त्यांचे हात तोडले जात होते, हे रॉजर केसमेंट या ब्रिटिश वाणिज्यदूताच्या १९०४ च्या अहवालानं जगासमोर आणलं होतं. त्या गदारोळामुळेच १९०८ साली राजाला काँगो सोडावा लागला आणि तो बेल्जियम सरकारकडे आला. या कथेच्या बावीस वर्षं आधीची ही गोष्ट. ज्या देशानं काँगोवर हे केलं, त्याच देशातल्या मुलांना पुढे चित्रांतून सांगितलं गेलं की काँगोची माणसं आळशी आहेत, भोळी आहेत आणि गोऱ्या पोरासमोर गुडघे टेकतात.

त्यातली दृश्यं मी तुम्हाला सांगायची गरज नाही, पण माझ्या वाचकांना सांगते. टिनटिनची गाडी रुळांवर अडकते, आगगाडी तिच्यावर आदळून कलंडते, आणि मग टिनटिन प्रवाशांना कामाला लावतो. त्याचा कुत्रा मिलू त्या माणसांना आळशी म्हणून खडसावतो. कुत्रा, माणसांना. एका टोपीवरून दोन माणसं भांडतात, टिनटिन टोपी मधोमध कापून दोघांना अर्धी अर्धी देतो आणि ते त्याच्या न्यायबुद्धीनं थक्क होतात. तापानं फणफणलेल्याला तो क्विनाइन देतो तर बायको त्याला मोठा मांत्रिक समजून पायाशी वाकते. राजाच्या हातात राजदंड म्हणून लाटणं आहे. शेवटच्या पानावर गावात टिनटिनच्या आणि कुत्र्याच्या मूर्ती आहेत.

बरं, पुस्तक त्या काळाचं असेल, पण वाचणारी मुलगी आजची आहे. तिच्या आजीला या शहरात राहून उमर गेली. जवळच मातोंगे नावाची वस्ती आहे, किन्शासातल्या वस्तीवरून नाव पडलेली. तिथून थोड्या अंतरावर २०१८ पासून पात्रिस लुमुंबा चौक आहे, खून झालेल्या काँगोच्या पहिल्या पंतप्रधानांच्या नावाचा. २०२० साली काँगोच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली तेव्हा राजा फिलिप यांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. लुमुंबांच्या देहाचा उरलेला एकमेव अवशेष, एक दात, २०२२ साली ब्रसेल्समध्येच त्यांच्या कुटुंबाकडे सोपवण्यात आला. देशाच्या राजानं जे मान्य केलं, ते मुलांच्या कपाटापर्यंत अजून आलेलं नाही.

आता 'कलाकृतीत ढवळाढवळ नको' याबद्दल. वाचनालयाच्या उत्तरातला हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण तो वस्तुस्थितीला धरून नाही. हे पुस्तक पुन्हा पुन्हा बदललेलं आहे, आणि बदलणारे स्वतः एर्जेच होते. मूळ काळ्या-पांढऱ्या आवृत्तीत टिनटिन काँगोच्या मुलांच्या वर्गात उभा राहून त्यांना 'तुमच्या मातृभूमीबद्दल, बेल्जियमबद्दल' शिकवायला निघतो. १९४६ साली रंगीत आवृत्ती करताना एर्जेंनी तो धडा काढून टाकला आणि फळ्यावर बेरीज आणली. म्हणजे तोवर त्यांनाही ते अवघड वाटू लागलं होतं.

'कोक अँ स्टॉक' या टिनटिनच्याच दुसऱ्या पुस्तकात गुलाम म्हणून विकायला नेलेली आफ्रिकन माणसं अशाच मोडक्या फ्रेंचमध्ये बोलत होती. 'झन आफ्रिक' या नियतकालिकानं १९६२ साली त्यावर टीका केली. १९६७ च्या आवृत्तीत त्या माणसांचं बोलणं बदललं गेलं. 'सोनेरी नांग्यांचा खेकडा' या पुस्तकात एक काळा खलाशी होता. अमेरिकेतल्या प्रकाशकाला मुलांच्या पुस्तकात काळी आणि गोरी माणसं एकत्र दिसायला नको होती, तर त्याच्यासाठी तो खलाशीच बदलून टाकला. तिथलं कारण किती हीन होतं ते बघा, तरी लेखणी हलली.

आणि गेंडा. काँगोच्या पुस्तकात एका पानावर टिनटिन गेंड्याच्या पाठीत भोक पाडून त्यात सुरुंग भरतो आणि गेंड्याच्या चिंधड्या उडवतो. स्कँडिनेव्हियातल्या प्रकाशकांना हे मुलांना दाखवण्याजोगं वाटलं नाही. १९७५ साली एर्जेंनी त्यांच्यासाठी ते अख्खं पान नव्यानं काढून दिलं. नव्या पानावर गेंडा झोपलेल्या टिनटिनच्या बंदुकीशी झोंबतो, चुकून गोळी सुटते आणि तो घाबरून पळून जातो. जिवंत राहतो. हे झालं ते चांगलंच झालं, माझी त्याला हरकत नाही. पण त्याच पुस्तकातल्या माणसांचे चेहरे तसेच राहिले, त्यांचं बोलणं तसंच राहिलं, त्यांचे गुडघे टेकलेलेच राहिले. गेंड्याची कणव आली, माणसांची आली नाही. हे मी माझ्या लेकीच्या मैत्रिणीला कोणत्या शब्दांत समजावू, ते मला तुम्ही सांगा.

न्यायालयाचा निर्णय मी वाचनालयाइतक्याच आदरानं मानते. ब्रसेल्समध्ये शिकणारे काँगोचे बिएनव्हेन्यू म्बुतू मोंदोन्दो यांनी २००७ साली दावा लावला. पुस्तकावर बंदी घाला, ते जमत नसेल तर निदान सूचना छापा, असं त्यांचं म्हणणं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये दावा फेटाळला गेला आणि त्याच वर्षाअखेर अपिलातही त्यांना यश आलं नाही. एर्जेंचा हेतू वंशद्वेष पसरवण्याचा होता असं म्हणता येत नाही, हे त्याचं कारण. ठीक. पण पुस्तक छापायला कायद्याची आडकाठी नाही, एवढाच याचा अर्थ. ते सात वर्षांच्या खणात ठेवा आणि आत एक ओळही लिहू नका, असा हुकूम कोणत्याही न्यायाधीशानं दिलेला नाही. तो निर्णय तुमचा आहे. इंग्लंडमध्ये रंगीत इंग्रजी आवृत्ती २००५ साली आली ती प्रस्तावनेसह आली, आणि दोन वर्षांनी तिथे तक्रार झाली तेव्हा पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानसाखळीनं हे पुस्तक मुलांच्या विभागातून उचलून मोठ्यांच्या विभागात नेलं. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. तुमच्याकडेही २०२३ साली जुन्या आवृत्तीला रंग देऊन जो संच काढला, त्यात काळाचा संदर्भ सांगणारी प्रस्तावना घातलीत. तो संच संग्राहकांनी घेतला असेल. वाचनालयाच्या खणात जी प्रत आहे, मुलं जी हाताळून हाताळून मऊ करतात, तिच्यात काही नाही.

इथे थोडं चित्रांविषयीच बोलते. व्यंगचित्रात नाक मोठं काढतात, पोट सुटलेलं दाखवतात, हे मला कळतं. मी त्याच्याविरुद्ध नाही. पण टिनटिनच्या जगात गोऱ्या माणसांची व्यंगं एकेकट्याची असतात. कॅप्टनची दाढी कॅप्टनचीच, प्राध्यापकांचा बहिरेपणा त्यांचाच, गाणाऱ्या बाईंचं नाक त्यांचंच. काँगोच्या पुस्तकात मात्र शेकडो माणसांना मिळून एकच चेहरा दिलेला आहे. कपडे बदलतात, चेहरा बदलत नाही. हा चेहरा काँगोत पाहून काढलेला नाही. चेहऱ्याला काजळी फासून, ओठ रंगवून काळ्या माणसाची नक्कल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या तमाशांतून आणि तेव्हाच्या जाहिरातींतून तो आला.

तो बदलणं एर्जेंना जमत नव्हतं असंही नाही. १९३४ साली ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिकणारे झांग चोंगरेन त्यांना भेटले. 'निळं कमळ' काढताना एर्जे त्यांच्याकडून शिकले, शांघायच्या रस्त्यांवरच्या पाट्यासुद्धा खऱ्या चिनीत लिहिल्या गेल्या, आणि चिनी माणसांबद्दल युरोपीय लोकांच्या मनात काय काय खुळ्या समजुती आहेत हे त्या पुस्तकातच दाखवलं. एक मित्र भेटला आणि एवढा फरक पडला. पुढे, १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की ज्या सुखवस्तू वर्गात आपण वाढलो त्याचे पूर्वग्रह आपल्यात भिनले होते आणि काँगोचं पुस्तक त्यातून झालं. लेखक स्वतः हे सांगून गेला. त्याच्या नावानं तुम्ही ते झाकता कशाला?

मी मूळची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. ते शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली, खडकी या नावानं. अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, गुलाम म्हणून दख्खनला आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं बांधलेल्या नहरीचं पाणी माझ्या आजीच्या लहानपणी घरात येत असे, असं ती सांगायची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचं एक चित्र आहे, हाशिम या चित्रकाराच्या नावावर असलेलं, साधारण १६२० च्या सुमाराचं. मोगल दरबाराचा हा चित्रकार आणि अंबर मोगलांचा कट्टर वैरी. तरी त्या चित्रात एका विशिष्ट माणसाचा चेहरा आहे. त्याची मान, त्याची नजर, त्याचं वय. ओठ ओठांएवढेच आहेत. मी ते चित्र फोनवर त्या मुलीला दाखवलं आणि म्हटलं, आमचं गाव या माणसानं वसवलं. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग विचारलं, "याचं कॉमिक आहे?"

दुसऱ्याच्या घरात डोकावण्याआधी आपलं घर बघावं म्हणून हेही सांगते. ज्या शहराचा पाया एका हबशी माणसानं घातला, त्याच शहरात 'हबशी' हा शब्द मी लहानपणी शिवी म्हणून ऐकला. 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस' हे वाक्य आमच्याकडे मुलगी दाखवताना अजून बोललं जातं, आणि त्यातला 'तरी' कुणाला टोचत नाही. टिनटिनच्या दुसऱ्या एका पुस्तकात भारतातले फकीर आणि महाराजे येतात. कॉलेजात असताना ते वाचून मी मनसोक्त हसले होते. तेव्हा लागलं नाही, कारण पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलं की हजारो भारतीय माणसं दिसत होती, डॉक्टर, रिक्षावाले, शिक्षक, सगळी. एका वेड्यावाकड्या चित्राची त्यांच्यापुढे काय मातब्बरी. या मुलीच्या वर्गात तिच्यासारखी ती एकटी आहे. कपाटात तिच्यासारखा चेहरा शोधला तर तिला हाच एक सापडतो, आणि तो वर्गातल्या बाकीच्या वीस मुलांनाही सापडतो.

हा प्रश्न एका जुन्या पुस्तकापुरता असता तर मी कदाचित एवढं लिहिलं नसतं. अ‍ॅस्टेरिक्सच्या गोष्टींत चाच्यांच्या जहाजावर डोलकाठीवर बसलेला टेहळ्या आहे. त्याचेही ओठ लाल आणि फुगलेले, आणि त्याला 'र' म्हणता येत नाही. पिढ्यान्पिढ्या मुलं त्या 'र'ला हसली आहेत. आणि स्पिरू या दुसऱ्या बेल्जियन मालिकेतलं 'निळी गॉर्गन' हे पुस्तक तर सप्टेंबर २०२३ मध्ये निघालं. त्यात काळ्या माणसांचे चेहरे माकडांच्या वळणावर काढलेले होते आणि बायकांची शरीरं नुसती बघण्यासाठी मांडलेली. ते संपादकाच्या टेबलावरून गेलं, रंगवणाऱ्याच्या हातून गेलं, छापखान्यातून गेलं, दुकानात वर्षभर राहिलं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर वाचकांनी इंटरनेटवर आवाज उठवला तेव्हा प्रकाशकांनी माफी मागून ते बाजारातून परत घेतलं. माफी मागितलीत, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण तिथे 'काळ तसा होता' हे कारण चालणार नाही. तो काळ माझ्या लेकीचा आहे.

उलट बाजूही मांडते, म्हणजे मागणी अशक्य वाटायला नको. लकी ल्यूक या काउबॉयच्या जुन्या गोष्टींतही काळी माणसं अशीच काढलेली होती. २०२० च्या नव्या पुस्तकात त्याला लुइझियानातला कापसाचा मळा वारशानं मिळतो, आणि त्याच्या बरोबरीनं उभा राहतो तो बास रीव्हज, अमेरिकेच्या इतिहासातला खराखुरा काळा डेप्युटी मार्शल, म्हणजे कायद्याचा अंमलदार. त्याला स्वतःचा चेहरा आहे, स्वतःची बंदूक आहे आणि व्याकरणशुद्ध भाषा आहे. मालिकेचा बाज कुठेही बिघडलेला नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावर हे झालेलं आहे.

आता मागण्या.

काँगोचं पुस्तक लहान मुलांच्या खणातून काढून मोठ्यांच्या विभागात, इतिहासाच्या पुस्तकांजवळ ठेवावं. ते जाळावं, फाडावं, छापणं बंद करावं असं मी म्हणत नाही. मला ते पुस्तक राहायला हवं आहे. माझी लेक सोळा वर्षांची झाली की मी स्वतः तिच्यासोबत ते वाचीन, आणि त्याच दिवशी तिला ब्रसेल्सजवळच्या टेर्व्ह्यूरेनला नेईन. तिथे १८९७ साली २६७ काँगोवासीयांना प्रदर्शनात मांडलं होतं, त्यांतली सात माणसं तिथेच मेली आणि चर्चच्या कडेला पुरली गेली. त्या थडग्यांपाशी उभं राहून तिला हे पुस्तक कळेल. वाचनालयातल्या उशीवर लोळत आठव्या वर्षी कळणार नाही.

दुसरी मागणी प्रकाशकांकडे. प्रस्तावना महागड्या संचापुरती ठेवू नका. साध्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत, पहिल्या पानावर छापा. ती लिहिताना इथल्या काँगोवंशीय लोकांना बरोबर घ्या. आणि ती मुलांना कळेल अशा भाषेत असू द्या, कारण तुमच्या सध्याच्या प्रस्तावना अभ्यासकांसाठी असतात. 'ही चित्रं काढणाऱ्यानं काँगो पाहिला नव्हता. तिथली माणसं अशी दिसत नव्हती आणि अशी बोलत नव्हती. तेव्हा त्यांच्या देशावर बेल्जियमचं राज्य होतं.' एवढ्या तीन वाक्यांतही बरंच होईल.

ज्या मालिका अजून चालू आहेत, त्यांतले ते ओठ आणि तो गाळलेला 'र' पुढच्या पुस्तकापासून थांबवा. छपाईला जाण्याआधी पानं अशा माणसांना दाखवा ज्यांच्या चेहऱ्याची ती चित्रं आहेत. त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

आणि कपाटात जागा करा. आफ्रिकेत चित्रकथा कुणी काढतच नाही असं इथल्या मुलांना वाटतं, कारण कपाट तसंच दिसतं. काँगोतल्या किसांगानीचे बार्ली बारुती कित्येक वर्षं काढत आहेत. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानमध्ये जन्मलेल्या मार्गरित आबुए यांच्या 'आया'ला २००६ साली फ्रान्समधल्या आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवात पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार मिळाला. त्यांनीच लहान मुलांसाठी 'अकिसी' लिहिली, आबिजानमधल्या एका खोडकर, भावाशी भांडणाऱ्या, माकड पाळणाऱ्या मुलीची गोष्ट. ही फ्रेंच पुस्तकं आहेत, तुमच्याच बाजारात मिळतात, भाषांतराचाही खर्च नाही.

वाचनालयाच्या चालकांना उद्देशून शेवटचं. 'अकिसी' आपल्याकडे नाही, म्हणून त्या मुलीनं गेल्या बुधवारी मागणीचा कागद स्वतः भरला. अक्षर सुंदर आहे तिचं, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तो कागद काउंटरवरच्या निळ्या ट्रेमध्ये आहे. कृपया तेवढं पुस्तक मागवून घ्या. आम्ही तिघी बुधवारी येतोच आहोत.

कळावे,

आपली,
तिसरीतल्या एका मुलीची आई, ब्रसेल्स